चालू कंडिशनमधलं विमान

आमच्या साडूंकडे जी वस्तू मिळत नाही ती देवाने अजून घडवलेलीच नसते, आणि देवाची घडवायची राहून गेली असली तरी साडूंनी 'हाय की!' म्हणून टाकलेलं असतं. पुढची जबाबदारी मग देवाची. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कराडकडचे, पण पिंपरीत उभा जन्म काढूनही त्यांच्या 'हाय'चा 'आहे' झाला नाही. 'हाय की! बघावं लागंल कुठं ठिवलंय,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की गिऱ्हाईक निश्चिंत होऊन घरी जातं आणि साडू ती वस्तू जगाच्या पाठीवर कुठे असेल ते शोधायला स्कूटर बाहेर काढतात. माझी गोष्ट अगदी उलटी. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होतो. आलेला माल उलटासुलटा करून बघायचा आणि त्यावर लाल स्टिकर चिकटवून 'रिजेक्ट' म्हणायचं, यावर माझा संसार चालला. माझी बायको म्हणते की ती माझी नोकरी नव्हती, तो माझा स्वभाव आहे. लग्नाच्या पंगतीत मी जिलबीसुद्धा उजेडात धरून बघतो असं ती माहेरी सांगत असते. अशा दोन माणसांना आमच्या सासऱ्यांनी एकाच घरचे जावई का करून घेतलं हे ते सांगून गेले नाहीत.

साडूंचं चिखलीत गोडाऊन आहे. एका बाजूला वेल्डिंगचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाला, आणि मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये साडूंचं जुनं जग. मालिका आणि सिनेमावाल्यांना जुन्या काळातल्या वस्तू भाड्याने द्यायच्या, हा त्यांचा धंदा. डायल फिरवायचे काळे टेलिफोन, थिएटरातल्या लाकडी खुर्च्या, कचेरीतले पंखे, दवाखान्यातले पडदे, रेडिओ, पेटारे, एक अख्खं पोस्ट ऑफिस. तरीही लोकांना नेमकं तिथे नसलेलंच हवं असतं. एकदा एका मालिकेला जुनी न्हाव्याची खुर्ची हवी होती. साडूंनी 'हाय की!' म्हटलं आणि देहूरोडच्या बाजारातून खुर्ची आणली, तीही तिच्यात बसलेल्या म्हाताऱ्या न्हाव्यासकट, कारण तो खुर्ची सोडून राहायला तयार नव्हता. शूटिंगला त्यालाच उभा केला. पण त्या सद्गृहस्थाला खोटी कात्री चालवणं माहीत नव्हतं. त्याने नायकाची हजामत अशी मन लावून केली की पुढच्या भागात त्या टकल्या नायकाला टायफॉइड झालेला दाखवावा लागला. एकदा दापोडीला एका प्रवाशाने साडूंना विचारलं, 'इथून आळंदीला बस आहे का हो?' तिथून तशी बस नव्हती, पण साडूंच्या तोंडून सवयीने 'हाय की!' निघून गेलं. मग तोंडातून गेलेला शब्द खरा करायचा म्हणून त्यांनी त्या माणसाला स्कूटरवर घालून आळंदीला नेऊन सोडलं. घरी ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, 'खोबरं आहे का?' असं विचारलं तरी हे 'हाय की!' म्हणतात आणि मागच्या दाराने दुकानात जातात. ताई आता विचारतच नाहीत, सरळ पिशवी पुढे करतात.

या वेडामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. साडू पूर्वी पिंपरीतल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. स्टोअरला एक जाळीची खिडकी असते. कामगार तिथे येऊन हँडग्लोव्हज मागतो, ड्रिल मागतो, हात पुसायला कॉटन वेस्ट मागतो. आतल्या माणसाने 'नाही' म्हटलं की बाहेर एक मशिन थांबतं. साडूंच्या खिडकीवरून कुणी रिकाम्या हाताने गेला नाही असा त्यांचा लौकिक होता. पुढे कंपनी डबघाईला आली. ही बातमी वरच्या साहेबांच्याही आधी साडूंना कळली, कारण शेल्फं रिकामी होत चालली आणि नवा माल येईना. शेवटचे काही महिने हा माणूस त्या खिडकीत बसून दिवसभर 'न्हाई' म्हणत होता. ताई सांगतात, त्या दिवसांत ते घरी येऊन धड जेवतही नसत. मग एके दिवशी गेटला कुलूप लागलं. लिलावात कुणी हात न लावलेली घड्याळं, बाकडी आणि टेलिफोन साडूंनी उचलले आणि चिखलीला आणून ठेवले, तिथून हे गोडाऊन सुरू झालं. 'स्टोअरवाला न्हाई म्हणाय लागला की कंपनी बंद पडली म्हणून समजायचं, साडूभाऊ,' असं ते एकदाच माझ्यापाशी बोलले. लगेच त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. घरात मी प्रत्येक भांड्याला लाल स्टिकर लावायला लागलो म्हणून बायकोने मला सकाळी चिखलीला पाठवायला सुरुवात केली. असाच एकदा गोडाऊनमध्ये चहा पीत बसलो असताना एका मालिकेच्या दिग्दर्शिका बाईंचा फोन आला. साडू फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे शेजारच्या वेल्डरलाही सगळं कळतं.

'काका, एक जुनं जेट विमान हवंय. प्रवासी. सत्तरच्या दशकात असायचं तसं.'

'हाय की!' साडू म्हणाले. चहा माझ्या नाकात गेला.

'पण उडणारं हवं बरं का. नायिकेचा नवरा परदेशी जातो आणि ती गच्चीवरून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहते. कॉम्प्युटरवरचं मला नको. त्यात कुणी कुणाला सोडून चाललंय असं वाटतच नाही. खरं, उडायचा परवाना असलेलं विमान पाहिजे.'

'म्हंजे चालू कंडिशन आणि पासिंग झाल्यालं. हाय की, मॅडम! बघावं लागंल कुठं ठिवलंय.'

फोन ठेवल्यावर त्यांनी खरोखरच एकदा गोडाऊनभर नजर फिरवली. कपाटांच्या मागे पाहिलं. मी म्हटलं, 'भाऊ, विमान कुठून आणणार?' तर म्हणाले, 'चाकणच्या पट्ट्यात काय मिळत न्हाई ते सांगा.' मी क्वालिटीतला माणूस, मी सांगायला लागलो असतो. पण तोवर त्यांनी माझ्या गाडीची किल्ली उचलली होती. एवढ्या मोठ्या वस्तूसाठी स्कूटर बरी दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पहिली स्वारी चाकण-तळेगाव रस्त्यावर. तिथल्या एका गाववाल्याने आपल्या वावरात जुन्या विमानाचा सांगाडा आणून त्यात हॉटेल काढलं आहे. पायऱ्या चढून आत जायचं, खिडकीशी बसायचं आणि बाहेरचे ट्रेलर बघत पनीर खायचं. मालक धोतर-टोपीतले, पण दारात हवाईसुंदरीसारखे हात जोडून उभे. साडूंनी रामराम केला आणि थेट विचारलं, 'मालक, इमान चालू कंडिशन हाय का?'

'एशी चालू हाय. बसा की आतमदी.'

'तसं न्हवं. उडतंय का?'

मालकांनी आधी साडूंकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. हा माणूस तुमच्यासोबत आहे ना, याची ते खात्री करून घेत होते. 'उडत न्हाई. पंख कापूनच आनलंय आमी. त्या रस्त्यानी पंखासकट येतंय व्हय? त्यो बगा एक पंख, पार्किंगला सावली केलीया त्याची.'

यावर दुसरा कुणी असता तर पनीर खाऊन परत फिरला असता. साडूंनी मात्र जुना ट्रक बघावा तसं ते विमान बघितलं. चाकाला लाथ मारली, पत्र्यावर बोटाने टकटक केली, पोटाखाली वाकून गंज शोधला. 'बॉडी चांगली हाय. पंख वेल्ड करून घिऊ. इंजिनाचं तेवढं बघावं लागंल.' इंजिनाच्या गोल तोंडात मालकांनी हात धुवायची बेसिनं बसवली होती. साडूंनी तिथे हात धुतले, नळ बंद करून पुन्हा चालू करून पाहिला आणि मान डोलावली. मी मनातल्या मनात त्या विमानाला शेपटीपासून नाकापर्यंत लाल स्टिकर लावले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दापोडीला नेलं. तिथे त्यांच्या ओळखीचा आरटीओचा एजंट राहतो. 'परवाना' हा शब्द ऐकल्यावर आमच्या भागातला माणूस दुसरं कुठे जाणार? टेम्पो असो, क्रेन असो, पासिंग म्हटलं की एजंट. मला वाटलं, तो तरी हसेल. तो हसला नाही. त्याने पान थुंकून गंभीरपणे विचारलं, 'कमर्शियल का प्रायव्हेट, भाऊ? सीटं किती? चेसिस नंबर दिसतोय का?' दोघंही त्या विमानाच्या फिटनेसवर इतकं जीव तोडून बोलत होते की आपणच काहीतरी चुकतोय असं मला वाटायला लागलं. शेवटी एजंट म्हणाला, 'बाकी सगळं बसवू राव, पण नंबर प्लेट पुढं कुठं लावायची, तिथं अडतंय.' साडू त्यावर खरोखर विचार करायला लागले. तेव्हा मी त्यांना दंडाला धरून गाडीत घातलं आणि निगडीला घेऊन गेलो.

निगडीत माझ्या ओळखीचे एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी विमानदुरुस्तीच केली. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसले नाहीत आणि शिरा खायला घातला. मग म्हणाले, 'भाईसाब, ट्रकचा पार्ट झिजला की आपण बदलतो. विमानाचा झिजायच्या आधीच बदलावा लागतो. आता त्या जुन्या विमानांचे पार्ट बनवणारेच उरले नाहीत. म्हणून विमान ठणठणीत असलं तरी जमिनीवर बसून राहतं.'

'पार्ट करून घिऊ की,' साडू म्हणाले. 'चाकणला कुठला पार्ट हुत न्हाई?'

'होईल ना. हुबेहूब होईल. पण तो चांगला आहे म्हणून त्याखाली सही कोण करणार?'

हे वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला की मी शिरा आणखी मागून घेतला. सही कोण करणार, हेच तर मी आयुष्यभर सगळ्यांना विचारत आलो होतो. पण साडूंचा चेहरा पाहिला आणि मी शिऱ्याची बशी खाली ठेवली. त्यांना ते पटलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांना पटवणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला आणि तो भेटायला नको होता असं वाटून गेलं. त्या गृहस्थांनाही बहुधा तसंच वाटलं असावं, कारण निरोप देताना दारात ते म्हणाले की जगात अशी उडणारी विमानं अजून थोडीफार आहेत. आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला काही म्हाताऱ्या लोकांनी हौसेने एक सांभाळलं आहे. त्यांनी फोन नंबरही शोधून दिला.

त्याच दिवशी संध्याकाळी साडूंनी आफ्रिकेला फोन लावला. साडूंचं इंग्रजी स्टोअरच्या खिडकीत घडलेलं आहे, त्यात क्रियापदाला फारसं काम नसतं. 'हॅलो, एरोप्लेन. ओल्ड जेट. अव्हेलेबल?' पलीकडून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, 'येस! येस!' साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या नोकरीचीच लाज वाटली. पुढे तो म्हातारा बराच वेळ बोलत राहिला. इंजिनं कशी धुतो, चाकं कशी झाकून ठेवतो, दर रविवारी सगळे मिळून कशी विमानाची सीटं पुसतो. साडूंना त्यातलं कितपत कळलं देव जाणे, पण ते फोनकडे बघून माना डोलावत 'व्हेरी गुड' म्हणत होते. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. 'रनिंग कंडिशन?'

म्हातारा हळूच म्हणाला, 'नॉट धिस इयर, माय फ्रेंड.'

'हाय म्हणाला त्यो,' फोन ठेवून साडू म्हणाले. 'या वर्षी न्हाई म्हणाला.'

'म्हणजे नाहीच ना, भाऊ.'

'न्हाई येगळं आणि या वर्षी न्हाई येगळं.' त्यांनी फोन खिशात ठेवला. 'त्यो बी स्टोअरवाला असणार बघा,' एवढंच म्हणाले.

दिग्दर्शिका बाई उत्तर ऐकायला गोडाऊनला आल्या त्या सकाळी साडूंनी स्वच्छ शर्ट घातला होता. त्या यायच्या आधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, 'तुमी सांगा. तुमाला सवय हाय.' मी म्हटलं, 'सांगतो की, त्यात काय!' 'नाही' हा शब्द मी लहानमोठ्या कारखानदारांच्या तोंडावर फेकलेला आहे. पण बाई आल्या, 'मग काका, मिळालं का?' म्हणाल्या, आणि साडू एका बंद रेडिओची बटणं फिरवत उभे राहिले. मी नुसताच खाकरलो. शेवटी साडूंनीच रेडिओवरचा हात काढला.

'न्हाई, मॅडम. इमान न्हाई.'

मला वाटलं होतं, शेड कोसळेल. काही झालं नाही. बाजूचा वेल्डर वेल्डिंग करत राहिला. बाई म्हणाल्या, 'इट्स ओके काका, टेन्शन नका घेऊ. कॉम्प्युटरवर करून टाकू. विमानतळाची बाकडी तरी आहेत ना?' बाकडी होती. भिंतीवरचं मोठं घड्याळही होतं. त्यांनी ते सगळं पसंत केलं, चहा घेतला आणि गेल्या. चांगल्या बाई होत्या, त्या एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गेल्यावर भर दुपारी साडूंनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि घरी निघून गेले.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी होतो. निळ्या आभाळात ते चकचकीत विमान उठलं, वळलं आणि ढगात गेलं. ताई टाळी वाजवून म्हणाल्या, 'अगं बाई, मिळालं की हो शेवटी इमान!' मी सवयीने त्या विमानात दोष शोधत होतो, एकही सापडला नाही. इतका निर्दोष माल मला कधीच आवडलेला नाही. पुढे विमानतळ दाखवला तेव्हा साडू म्हणाले, 'बाकडं आपलं हाय,' आणि हात धुवायला उठले.

त्यानंतर साडू 'न्हाई' म्हणायला लागले. आधी विमानासारख्या मोठ्या वस्तूंना म्हणत असतील, मग लहानांनाही. कुणी ग्रामोफोन मागितला, 'न्हाई.' कुणी पितळी स्टोव्ह मागितला, तर त्या स्टोव्हला पाठ टेकवून बसलेले असताना म्हणाले, 'न्हाई.' फोन येणंही कमी झालं होतं. ज्याला त्याला वस्तू कॉम्प्युटरवर मिळत होत्या. एका सकाळी ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. त्या रडत होत्या. बायकोला आधी वाटलं, काही बरंवाईट झालं. ताई म्हणाल्या, 'अगं, मी यांना खोबरं आहे का म्हणून विचारलं, तर न्हाई म्हणाले गं.' बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी चप्पल घातली. खिडकीतला माणूस 'न्हाई' म्हणायला लागला की पुढे काय होतं, ते साडूंनी मला सांगून ठेवलेलं होतं.

गोडाऊनचं शटर अर्ध्यावर होतं. मी वाकून आत गेलो आणि विचारलं, 'भाऊ, पितळी स्टोव्ह आहे का हो?'

'काय करताय?'

'हवाय मला.'

त्यांनी मागे वळून पाहिलं. 'हाय,' म्हणाले. नुसतंच. त्यातला 'की' कुठेतरी गळून पडला होता. मी तो स्टोव्ह घरी आणला. पुढच्या रविवारी काळा टेलिफोन आणला. त्यानंतर थिएटरातली खुर्ची, दवाखान्यातला पडदा, पोस्टाचा शिक्का. आमच्या बाल्कनीत आता कपडे वाळत घालायला जागा नाही आणि बायको म्हणते की कचरा उचलणारे आमच्या दाराशी जरा जास्तच वेळ घुटमळतात. पण तीसुद्धा शनिवारी रात्री मला आठवण करून देते, 'उद्या काय मागायचं ठरवलंय?' आम्ही दोघं मिळून ठरवतो. अट एकच, ती वस्तू तिथे नक्की असली पाहिजे. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालात खोट शोधत आलो. आता मी शेडमधलं काय काय अजून माझ्या घरी आलेलं नाही ते डोळ्यांनी टिपून ठेवतो. साडू माझे आहेत म्हणून नाही, पण चिखलीसारख्या ठिकाणी एखादी तरी खिडकी अशी असावी असं मला मनापासून वाटतं.

परवा मी शाळेची घंटा मागितली. पितळेची, मोठी. ती आमच्या दोघांच्या डोक्यावरच टांगलेली होती. साडूंनी मान वर करून घंटेकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ग्लोव्हज खरंच फाटलेत म्हणून कोण येतं आणि नुसतं दोन शब्द बोलायला कोण येतं, हे स्टोअरवाल्याला कळत नसेल तर कुणाला कळणार? त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि शर्टाला पुसला.

'हाय की!' ते म्हणाले. 'बघावं लागंल कुठं ठिवलीय.'

आणि घंटेखालून वाकून ते आत शोधायला गेले. मी बाकड्यावर बसून राहिलो. मला काही घाई नव्हती.